कोर्ट कमिशनर सगळं कॉपी करून गेला. आता नेमकं काय थांबवायचं?

प्रश्न थोडक्यात असा. भोसरीत पाच जणांचं डाय आणि फिक्श्चर डिझाइनचं छोटं काम आहे. दोन भागीदार पूर्वी ज्या कंपनीत होते, तिने ‘आमची ड्रॉइंग्ज नेली’ म्हणून पुण्याच्या कमर्शियल कोर्टात दावा लावला. गेल्या आठवड्यात कोर्ट कमिशनर (जागेवर जाऊन तपासणीसाठी कोर्टाने नेमलेला माणूस), कंपनीची दोन माणसं, त्यांचे वकील, एक फॉरेन्सिकवाला आणि सोबत पोलीस आले. दोन लॅपटॉप आणि सर्व्हरची पूर्ण कॉपी काढली, एका भागीदाराचा फोन नेला, ड्रॉइंगच्या अकरा फायली सील केल्या. आधी नोटीस नाही, समन्स नाही. ‘ही धाड बेकायदा ठरवून सगळं परत मिळेल का? आणि नुकसानभरपाई?’

तुम्ही विचारलंय धाडीबद्दल, पण धाड होऊन गेली. कमिशनच्या हुकमाला आव्हान दिलं की समोरचा वकील पहिलं वाक्य हेच म्हणेल की हुकमाची अंमलबजावणी झाली, आता यात उरलंय काय? कोर्टालाही ते पटतं. उरलंय ते एवढंच, की त्या कॉपी कोण उघडणार, कधी, आणि किती पाहणार. एकदा वादीच्या इंजिनिअरने तुमच्या ग्राहकांची रेटशीट वाचली की नंतर हुकूम रद्द होऊनही ती त्याच्या डोक्यातून निघत नाही. म्हणून पहिला अर्ज धाडीविरुद्ध नसतो. कमिशनरकडचा सगळा माल आणि कॉपी कोर्टाच्या ताब्यात सीलबंद राहाव्यात, पुढील हुकमापर्यंत कोणीही उघडू नयेत, अहवालाची प्रत सीलबंद जोडपत्रांशिवाय द्यावी, एवढाच दोन पानांचा अर्ज पहिल्या दोन-तीन दिवसांत पडला पाहिजे. हुकूम रद्द करण्याचा मोठा अर्ज त्यानंतर आठवड्याने आला तरी चालतो. बहुतेक लोक नेमकं उलट करतात. वीस दिवस घालवून चाळीस पानी अर्ज तयार होतो आणि तोवर अहवाल जोडपत्रांसकट वादीच्या हातात पडलेला असतो.

तोच अर्ज करताना फोन परत मागा, आणि मशिनं नेली असतील तर तीही. पुरावा जपायचा असेल तर कॉपी पुरते, लॅपटॉप अडकवून ठेवायचं कारण उरत नाही. तुमचा टॅलीचा डेटा त्याच सर्व्हरवर असेल तर ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० तारखेला ३बी भरायचाय, पगार करायचेत, हे तारखेनिशी लिहा. ‘व्यवसायाचं अपरिमित नुकसान’ असं मोघम लिहिलेलं कोर्ट रोज वाचतं. परत घेताना जी ताबेपावती लिहून द्याल तिच्यात प्रत्येक मशिनचा सिरीयल नंबर घाला.

आता हुकूम वाचा. नक्कल अर्ज आजच टाका, आणि हुकमाबरोबर रोजनामा (कोर्टात तारखेवार काय झालं त्याची नोंद), दावा, निशाणी ५ चा (तात्पुरत्या मनाईचा) अर्ज, त्याचं प्रतिज्ञापत्र आणि कमिशनरचा अर्ज यांच्याही नकला घ्या. हुकमात शोधायची पहिली गोष्ट म्हणजे तो कोणत्या तरतुदीखाली दिलाय. सीपीसीत (दिवाणी प्रक्रिया संहितेत) हे काम वेगवेगळ्या दारांनी होतं. ऑर्डर ३९ रूल ७ खाली वस्तू जपून ठेवणं, तपासणं आणि त्यासाठी जागेत शिरण्याची परवानगी. ऑर्डर २६ रूल ९ खाली कमिशनर. ऑर्डर ४० खाली रिसीव्हर (वस्तू ताब्यात घेऊन सांभाळायला कोर्टाने नेमलेला), जो मुंबईत हायकोर्टाच्या मूळ शाखेत जास्त दिसतो कारण तिथे कोर्ट रिसीव्हरचं स्वतंत्र कार्यालय आहे. ट्रेडमार्कचा दावा असेल तर १९९९ च्या कायद्याचं कलम १३५ एकतर्फी हुकमात कागदपत्रं आणि माल जपण्याची सोय देतं. आणि बहुधा या सगळ्यासोबत ऑर्डर ३९ रूल १ व २ खालचा तूर्तातूर्त मनाई हुकूमही असतो.

यात एवढं खोदायचं कारण अपील. ऑर्डर ४३ मध्ये ज्या हुकमांची यादी आहे त्यात ऑर्डर ३९ चे रूल १, २, २अ, ४ आणि १० आहेत, ऑर्डर ४० आहे. रूल ७ नाही आणि ऑर्डर २६ पण नाही. कमर्शियल कोर्ट्स कायद्याच्या कलम १३ खाली अंतरिम हुकमांपैकी अपील चालतं ते या यादीतल्याच हुकमांवर, मुदत ६० दिवस. त्याच कायद्याचं कलम ८ अंतरिम हुकमांवरची रिव्हिजन बंद करतं. म्हणजे फक्त कमिशनचा हुकूम असेल तर वरच्या कोर्टात जायला राज्यघटनेच्या अनुच्छेद २२७ ची रिट उरते, आणि हायकोर्ट तिथे हात आखडूनच वापरतं. मनाई आणि कमिशन एकाच हुकमात असतील तर मनाईविरुद्ध अपील करून दोन्ही समोर ठेवता येतात. वकील ‘अपील करू’ म्हणाले तर कशाविरुद्ध, हे विचारा.

तरी माझा कल आधी त्याच कोर्टात ऑर्डर ३९ रूल ४ (मनाई उठवण्याची किंवा बदलण्याची तरतूद) कलम १५१ (कोर्टाचे अंगभूत अधिकार) सह असा अर्ज करण्याकडे असतो. सुप्रीम कोर्टाने २००० साली व्यंकटसुब्बय्या नायडू प्रकरणात दोन्ही वाटा खुल्या असल्याचं सांगितलंय: थेट अपील किंवा रूल ४. पण अपिलात सुप्रीम कोर्टाचा वँडर विरुद्ध अँटॉक्स (१९९०) हा निकाल आडवा येतो. खालच्या कोर्टाने अधिकार मनमानीने किंवा विकृत पद्धतीने वापरला नसेल तर अपील कोर्ट स्वतःचं मत त्यावर लादत नाही. शिवाय तुमची बाजू, तुमची कागदपत्रं खालच्या कोर्टाने पाहिलेलीच नाहीत, मग अपील कोर्ट ती पहिल्यांदा का पाहील? रूल ४ मध्ये हा प्रश्नच येत नाही.

रूल ४ च्या अर्जात काय असावं, यावर जरा थांबतो, कारण हे अर्ज हरतात ते इथेच.

एकतर्फी हुकूम घेणाऱ्यावर सगळं उघड सांगायची जबाबदारी असते, त्याला अडचणीचं असेल तेसुद्धा. रूल ४ चं पहिलं परंतुक म्हणतं की महत्त्वाच्या बाबीत जाणूनबुजून खोटं किंवा दिशाभूल करणारं विधान करून नोटिशीशिवाय मनाई मिळवली असेल, तर कोर्टाने ती उठवायचीच, नाहीतर न उठवण्याची कारणं लिहायची. तुमच्या हातातलं सगळ्यात धारदार हत्यार हे. पण ‘वादीने सत्य लपवलं’ एवढं लिहून काही होत नाही. तीन रकाने करा. वादीने दाव्याच्या कोणत्या परिच्छेदात काय म्हटलंय, खरं काय आहे, आणि ते दाखवणारा कागद कोणता. अशा दाव्यांत लपवलेल्या गोष्टी बहुतेक त्याच त्याच निघतात. सहा महिन्यांपूर्वी नोटीस देऊन झालेली असते आणि तुम्ही सविस्तर उत्तर दिलेलं असतं. नोकरी सोडताना एचआरने लॅपटॉप परत घेऊन ‘काही बाकी नाही’ असं पत्र दिलेलं असतं. ज्या ड्रॉइंगवर हक्क सांगितलाय ते मुळात ग्राहकाने दोघांनाही पाठवलेलं असतं. करारात लवाद कलम असतं. शेवटच्या दोन बाबतींत कागद सापडला तर अर्जाचं वजन एकदम बदलतं.

नोटीस मिळाल्यावरही तुम्ही सहा महिने काही नष्ट केलेलं नसेल तर आणखी एक मुद्दा मिळतो. नोटीस न देता शोध घ्यायचं एकमेव समर्थन म्हणजे ‘कळलं तर पुरावा नाहीसा करतील’. हा हुकूम इंग्लंडमधून आपल्याकडे आला तो १९७५ च्या अँटन पिलर निकालाने, आणि त्यातच ऑर्मरॉड न्यायमूर्तींनी तीन अटी घातल्या: प्रथमदर्शनी बाजू अतिशय भक्कम हवी, नुकसान फार गंभीर हवं, आणि प्रतिवादीकडे तो पुरावा आहे व तो नष्ट होण्याची खरी शक्यता आहे याचा स्पष्ट आधार हवा. तिसरी अट प्रतिज्ञापत्रात बहुधा एका ओळीत उरकलेली असते. वादीने स्वतःच तुम्हाला सहा महिने आधी सावध केलं असेल तर ती ओळ टिकत नाही.

हुकमात कारणं आहेत का, तेही पाहा. रूल ३ प्रमाणे नोटीस टाळण्याची कारणं नोंदवावी लागतात, आणि वादीने अर्ज, प्रतिज्ञापत्र, दावा आणि कागदपत्रं तुम्हाला लगेच द्यायची किंवा रजिस्टर पोस्टाने पाठवायची, तसं केल्याचं प्रतिज्ञापत्र त्याच किंवा दुसऱ्या दिवशी दाखल करायचं. शिवकुमार चढ्ढा प्रकरणात (१९९३) सुप्रीम कोर्टाने हे पाळायलाच हवं असं म्हटलंय. मात्र उतावीळ होऊ नका. धाडीच्या हुकमात कोर्ट बरेचदा हे पालन अंमलबजावणीनंतर करायची मुभा देतं, नाहीतर पोस्टमनच आधी पोचेल. तुमच्या हुकमात अशी ओळ असेल तर मुद्दा सोडून द्या. शिवाय रूल ३अ प्रमाणे एकतर्फी मनाईच्या अर्जाचा निकाल ३० दिवसांत लावायचा प्रयत्न कोर्टाने करायचा असतो. तुमच्या वकिलांनीच दोन मुदतीचे अर्ज दिले तर हा मुद्दा हातचा गेला.

कमर्शियल कोर्ट्स कायद्याच्या कलम १२अ ची दाव्यापूर्वीची मध्यस्थी टाळली, हा मुद्दा हल्ली प्रत्येक अर्जात असतो. सुप्रीम कोर्टाच्या पाटील ऑटोमेशन (२०२२) निकालाप्रमाणे ती बंधनकारक आहे, पण तातडीचा अंतरिम दिलासा मागितलेला दावा त्यातून सुटतो. यामिनी मनोहर (२०२३) म्हणतं की तातडी नुसता बहाणा आहे का, हे कोर्टाने पाहावं. वादी वर्षभर गप्प होता हे कागदाने दाखवता येत असेल तरच हा मुद्दा घ्या. उगीच घेतला की चांगल्या मुद्द्यांची धार जाते.

आणि मूळ हक्काचा प्रश्न. ‘गोपनीय’ म्हणजे नेमकं कोणतं ड्रॉइंग, कोणता नंबर, कोणती रिव्हिजन, हे दाव्यात आहे का? ‘वादीची सर्व तांत्रिक माहिती’ एवढंच असेल तर ते जाळं टाकून मासे शोधणं झालं. ड्रॉइंगमधल्या कॉपीराइटवर दावा बेतलेला असेल तर कॉपीराइट कायद्याचं कलम १५(२) पाहा. डिझाइन नोंदवता येण्याजोगं असून नोंदवलं नसेल आणि त्यावरून पन्नासहून अधिक नग बनले असतील तर त्या डिझाइनमधला कॉपीराइट संपतो. सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२५ मध्ये क्रायोगॅस विरुद्ध आयनॉक्स प्रकरणात इंजिनिअरिंग ड्रॉइंगबाबतच याची कसोटी घालून दिलीय. गोपनीयतेच्या मुद्द्याला हे उत्तर नाही, हेही लक्षात असू द्या. नोकरी सोडल्यावर त्याच धंद्यात पडायला मनाई करणारी अट करार कायद्याच्या कलम २७ मुळे टिकत नाही, पण मालकाची गुपितं वापरायची मुभा त्यातून मिळत नाही. या दोन गोष्टींची गल्लत खूप होते.

इथपर्यंतचा क्रम सांगायचा तर आधी सील, मग नकला, मग रूल ४. याच्या जोडीला चौथं काम आजच करण्यासारखं आहे, ते पंचनाम्याचं. त्या दिवशी जे जे हजर होते त्या प्रत्येकाने, अगदी चहा आणणाऱ्या मुलानेसुद्धा, आठवतंय ते तारीख-वेळेसह आजच लिहून काढावं. तुमचा सीसीटीव्ही डीव्हीआर जुनं फुटेज स्वतःहून पुसत जातो. ते आजच वेगळं काढून ठेवा.

मग पंचनामा आणि हुकूम शेजारी ठेवून ओळीनुसार ताडून पाहा. हुकमात पत्ता फक्त गाळ्याचा होता आणि फोन घरून आणवला? ऑर्डर २६ रूल १६ कमिशनरला हुकमात नमूद जागेतच शिरू देतो. वादीचे किती प्रतिनिधी हजर राहतील हे हुकमात होतं का, आणि प्रत्यक्षात किती आले? त्यांच्यापैकी कोणी स्वतःच्या मोबाइलवर स्क्रीनचे फोटो काढले का? कमिशनर पाहतो ते कोर्टासाठी. वादीच्या माणसाने परस्पर फोटो काढले असतील तर तो स्वतंत्र गंभीर मुद्दा आहे. ते फोटो कोर्टात जमा करून पुसल्याचं प्रतिज्ञापत्र मागा. हुकूम ‘दाव्यातील ड्रॉइंगशी संबंधित’ कागदांपुरता होता आणि कॉपी अख्ख्या डिस्कची झाली असेल तर तेही लिहा.

फॉरेन्सिकच्या भागात गडबड सर्वांत जास्त होते. योग्य पद्धत अशी: मशीन चालू न करता डिस्क राइट ब्लॉकरला (डिस्कवर काही लिहिलं जाऊ न देणारं उपकरण) जोडायची, पूर्ण इमेज (हुबेहूब प्रत) घ्यायची, मूळ डिस्क आणि इमेज दोन्हींची हॅश (डेटाचा जणू बोटाचा ठसा) काढायची, आणि ती जागेवरच पंचनाम्यात लिहायची. एसएचए-२५६ हॅश ६४ अक्षरांची असते, एक अक्षर जरी वेगळं आलं तर डेटा तोच नाही. प्रत्यक्षात फॉरेन्सिकवाला लॅपटॉप चालू करतो, विंडोज वर येतं, तेवढ्याने कित्येक सिस्टीम फायली आणि नोंदी बदलतात, आणि हॅश दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसून काढली जाते. मधल्या रात्री तो डेटा कसा आणि कोणाकडे होता, याला मग उत्तर राहत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्रात हॅशची जागाच छापलेली आहे, भाग ‘ब’ तज्ज्ञाने भरायचा असतो. पंचनाम्यात हॅश नसेल तर आक्षेप आताच नोंदवा. ऑर्डर २६ रूल १० प्रमाणे कमिशनरचा अहवाल पुरावा म्हणून रेकॉर्डवर येतो, मात्र कोर्टाच्या परवानगीने कमिशनरला साक्षीला बोलावून त्याचा उलट तपास घेता येतो. आज लेखी आक्षेप नसेल तर दोन वर्षांनी उलट तपासात तो नंतर सुचलेला वाटतो.

पण या सगळ्यातून ‘पुरावा बाद’ होईल अशी आशा धरू नका. पूरनमल प्रकरणापासून (१९७४) आपल्या कोर्टांची भूमिका अशी की शोध बेकायदा असला तरी संबंधित पुरावा केवळ त्या कारणाने बाद होत नाही. आक्षेपांचा उपयोग पुराव्याचं वजन कमी करायला आणि कॉपी उघडण्यावर अटी घालून घ्यायला होतो.

त्या अटी तुम्हीच लिहून द्या, कोर्टाला तयार मसुदा आवडतो. दोन्ही बाजूंचा नसलेला तज्ज्ञ नेमावा. वादीने शोधशब्दांची आणि ड्रॉइंग नंबरांची यादी द्यावी, तुम्ही तिला हरकत घ्यावी. सापडलेल्या फायली आधी फक्त तुम्हाला दाखवाव्यात, सात दिवसांत तुम्ही हरकती द्याव्यात. उरलेल्या फायली दोन्हीकडचे वकील आणि एकेक बाहेरचा तज्ज्ञ यांनीच पाहाव्यात, वादीच्या कोणा नोकराने नाही. वकिलाशी झालेला पत्रव्यवहार बाहेर ठेवायचा, त्याला भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ चं संरक्षण आहे. आणि सर्वांत दमदार कारण म्हणजे तुमच्या सर्व्हरवर इतर ग्राहकांची गोपनीय ड्रॉइंग्ज असतील. त्यांच्याशी केलेले गोपनीयतेचे करार अर्जाला जोडा. ते ग्राहक या दाव्यात पक्षकार नाहीत, त्यांची माहिती त्यांच्या स्पर्धकाच्या पुरवठादाराला का दाखवायची, या प्रश्नापुढे वादी अडखळतो. फोनचंही तसंच. पूर्ण इमेज उघडण्याऐवजी ठरावीक तारखांमधल्या, ठरावीक व्यक्तींशी झालेल्या संभाषणांपुरतंच बंधन घालून घ्या.

आज रात्रीपासून काहीही डिलीट करू नका. घरचा पेनड्राइव्ह, गुगल ड्राइव्ह, व्हॉट्सॲप ग्रुप, काहीच नाही. ‘डिसअपिअरिंग मेसेजेस’ चालू असेल तर बंद करा. हुकूम चुकीचा वाटतो म्हणून मोडला तर ऑर्डर ३९ रूल २अ खाली मालमत्ता जप्त होऊ शकते, तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. तय्यबभाई बगसरवाला प्रकरणात (१९९७) सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की कोर्टाला अधिकारक्षेत्रच नव्हतं असं पुढे ठरलं तरी मधल्या काळातली अवज्ञा शिक्षेला पात्र राहते. आणि रूल ४ चा अर्ज घेऊन प्रामाणिकपणाची भाषा करणाऱ्याच्या फोनवर कालचे मेसेज पुसलेले निघाले तर पुढचं सांगायला नको.

पोलीस सोबत होते म्हणून हे फौजदारी प्रकरण ठरत नाही, ते बंदोबस्तासाठी असतात. पण फोन पोलिसांनी स्वतःच्या पंचनाम्यात घेतला असेल तर वाट वेगळी. गुन्हा नोंद आहे का पाहा. फोन परत मिळवायला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ किंवा ४९७ खाली मॅजिस्ट्रेटकडे अर्ज लागतो, आणि कलम १०५ प्रमाणे झडतीचं व्हिडिओ चित्रीकरण झालं होतं का तेही विचारता येतं.

नुकसानभरपाईबद्दलही विचारलंयत. अपुऱ्या कारणावर मनाई मिळवली असं ठरलं तर सीपीसीच्या कलम ९५ खाली त्याच कोर्टात भरपाई मागता येते, पण कमाल ५०,००० रुपये. तुमचं तीन दिवस काम बंद राहिल्याचं नुकसान त्याहून जास्त असेल. म्हणून पहिल्याच तारखेला वादीकडून भरपाईची लेखी हमी आणि बँक गॅरंटी मागा. हुकमात अशी हमी आधीच असेल तर तिची रक्कम वाढवून मागा, बुडालेल्या ऑर्डरचे मेल जोडून.

धाडीच्या गडबडीत दोन मुदती हमखास निसटतात. करारात लवाद कलम असेल तर लवाद कायद्याच्या कलम ८ चा अर्ज मूळ वादावरचं पहिलं म्हणणं देण्याआधी किंवा त्यासोबत द्यावा लागतो. निशाणी ५ ला दिलेलं उत्तर त्यात मोडत नाही असं सुप्रीम कोर्टाने राष्ट्रीय इस्पात निगम प्रकरणात (२००६) म्हटलंय, पण उत्तराच्या पहिल्या परिच्छेदातच ‘हक्क राखून’ लिहा आणि अर्ज त्याच आठवड्यात द्या. दुसरी मुदत कैफियतीची, म्हणजे दाव्याला लेखी उत्तराची. कमर्शियल दाव्यात समन्स बजावल्यापासून ३० दिवस, कोर्टाने वाढवली तर जास्तीत जास्त १२०. त्यानंतर एक दिवसही मिळत नाही. धाडीच्या वेळी कागदांचा जो गठ्ठा हातात दिला गेला त्यात समन्स होतं का, हे आज उघडून बघा. असेल तर १२० ची मोजणी त्या तारखेपासून सुरू झालीय.